मोजा

पस्तीस मिनिटं.
चाकांना ठोकळे लागल्यापासून ते काढेपर्यंत.
त्यावर गेलं की पैसा जळायला लागतो,
म्हणाल्या निनावे मॅडम पहिल्याच तासाला
आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. धावपट्टी.
मग खडू ठेवून म्हणाल्या, जे दिसेल ते मोजा.

वर्धा रोडवर तिसरा मजला. कूलरच्या ताट्या सकाळीच बदललेल्या,
तरी पंचेचाळीस अंश काचेला कपाळ टेकून बसलेले.
आम्ही अकरा जण:
हवाईदलातून निवृत्त झालेले सार्जंट खोब्रागडे,
कार्गोतला एक गप्प कारकून,
इस्त्रीची घडी न मोडलेली एमबीएची पोरं,
आणि मी, बर्डीच्या दुकानात नऊ वर्षं
कूलरच्या उधारीची वही सांभाळलेला.
आम्हाला सल्लागार व्हायचं होतं.
म्हणजे ज्यानं विमान उडवलं नाही, खोललं नाही,
त्यात एक बॅगसुद्धा चढवली नाही,
त्यानं सांगायचं तुमचं काय चुकतं.
मी हे बोलून गेलो. पोरं हसली.
मॅडम म्हणाल्या, म्हणून तर आधी बघायला शिका.

सोनेगावला नेलं. पिवळी जाकिटं, गळ्यात एका दिवसाचा पास,
प्रत्येकाच्या हाती स्टॉपवॉच.
खोब्रागडेंना इंधन, कारकुनाला सामान,
मला मागचं दार. सफाई.
डांबर बुटातून वर चढत होतं.
सहा जणी झाडू-पिशव्या घेऊन शिडी चढल्या.
ठरलेली वेळ नऊ मिनिटं.
शेवटचं पाऊल जमिनीला टेकलं तेव्हा मी बटण दाबलं:
नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

ते चाळीस सेकंद मी पाहिले होते.
शेवटची बाई शिडीच्या वरच्या पायरीवर थांबलेली,
हातात तान्ह्या बाळाचा एक मोजा,
लिंबाएवढा. एकच.
बसकडे बघत होती, बस गेलेली.
मुकादमाकडे बघत होती, तो खालून हात हलवत होता.

रात्री खामल्याच्या खोलीत स्लाइड उघडून बसलो.
मध्ये एक ठिपका, भोवती आरे:
सगळी विमानं एका गावी आणायची, माल बदलायचा, परत पाठवायची.
गच्चीवर झोपायला निघालेले घरमालक पराते काका
दारातून डोकावले.
"हे काय नवीन हाय बाप्पा?
आमी पोस्टात असताना रोज रातच्याले हेच करो.
मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता,
चारही इमानं सोनेगावले.
याचे पोते त्याच्यात, त्याचे याच्यात,
झुंजुमुंजु व्हायच्या आत चारही आपापल्या घरी."
वेळ कशी पाळायचे, मी विचारलं.
"घड्याळ होतं ना. पन आमी पायलटच्या चहाकडे पाहो.
कप खाली झाला का समजाचं."
मग जरा थांबले. उशी या हातातून त्या हातात.
"एकडाव मद्रासचं पोतं दिल्लीच्या इमानात गेलं.
दोन दिवस जेवन गेलं नाही मले."
कुणाची पत्रं होती?
"मले काय माहीत. म्हनूनच तं."

सादरीकरणात पोरांनी रंगीत आलेख लावले.
सफाईतली एक बाई कमी करता येते, असंही त्यात निघालं.
माझा तक्ता साधा होता, उधारीच्या वहीसारखा:
काम, ठरलेली वेळ, लागलेली वेळ, जास्तीचं कारण.
शेवटच्या रकान्यात एकच शब्द.
मॅडमनी चष्मा वर केला.
"मोजा? काय मोजा?
मोजायचं काम तुमचं होतं ना?"

मी सांगितलं कोणता मोजा.
मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं.
मॅडमचा खडू तसाच हातात.
"मग? पोचला का तो?"

माहीत नाही, म्हणालो.
तोपर्यंत माझं घड्याळ थांबलं होतं.

त्यांनी ड्रॉवर उघडला,
उद्याच्या तारखेचा एक पास काढून टेबलावर सरकवला.
स्टॉपवॉच मात्र दिलं नाही.